मॅनेजर हटाव: इंग्लिश फुटबॉलमधल्या एका जुन्या वादाचा आढावा

१८ मार्च २०१७ रोजी वेस्ट ब्रॉमविच अल्बियनच्या हॉथॉर्न्स मैदानावर आर्सेनलचा सामना चालू असताना आकाशातून एक छोटं विमान गेलं. त्याच्या मागे फडकणाऱ्या फलकावर मागणी होती की आर्सेन वेंगर यांना नवा करार देऊ नका. पाठोपाठ दुसरं विमान आलं. वेंगर यांच्यावर आमचा विश्वास आहे, त्यांचा मान राखा, असं त्याच्या फलकावर लिहिलेलं होतं. दोन्ही विमानं एकाच क्लबच्या चाहत्यांनी पाठवली होती. खाली आर्सेनल ३-१ असा हरला.

चाहत्यांचा मॅनेजरवरचा विश्वास उडणं ही फुटबॉलमध्ये काही नवलाची गोष्ट नाही. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या विषयावर इतकं बोललं, मोजलं आणि भांडलं गेलं आहे की त्यात आता रीतसर पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो की चाहते रोग लवकर ओळखतात आणि क्लब उशिरा जागा होतो. दुसरा म्हणतो की चाहत्यांना धीर नाही आणि या अधीरपणापायी चांगली माणसं जातात. तिसरा पक्ष अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या अभ्यासकांचा. मॅनेजर बदलल्याने काही बदलतं का, हेच आधी तपासा, असं त्यांचं म्हणणं. आणि एक आवाज असाही आहे की मॅनेजर हे निमित्त असतं, खरं भांडण मालकाशी असतं.

पुढचं विवेचन मुख्यतः इंग्लंडपुरतं आहे, कारण सर्वाधिकारी ‘मॅनेजर’ हे पद तिथेच घडलं. शिवाय या वादातलं एक ठळक प्रकरण थेट पुण्यापर्यंत येऊन पोहोचतं.

मॅनेजर एवढा मोठा कसा झाला

पूर्वी संघ निवडण्याचं काम क्लबचे संचालक करत. मॅनेजर असलाच तर तो चिटणीस आणि कारभारी यांच्या मधला कोणीतरी. हर्बर्ट चॅपमन यांनी ही घडी मोडली. आधी हडर्सफील्डमध्ये आणि १९२५ पासून आर्सेनलमध्ये त्यांनी संघनिवड, डावपेच, खेळाडूंची खरेदी हे सगळं स्वतःच्या हातात घेतलं. राष्ट्रीय संघाला ही रीत उचलायला आणखी बरीच वर्षं लागली. इंग्लंडचा संघ समितीच निवडत असे. अल्फ रॅम्झी यांनी पूर्ण अधिकार मिळण्याच्या अटीवरच पद स्वीकारलं आणि १९६६ साली विश्वचषक जिंकून दाखवला.

सगळे अधिकार एका माणसाकडे आले तसं श्रेयही त्याच्या एकट्याच्या खात्यात जमा होऊ लागलं. अपश्रेयही तिथेच जमा होणार हे ओघानेच आलं. संचालक मंडळालाही ही व्यवस्था सोयीची होती. सामना संपल्यावर कॅमेऱ्यासमोर उभा राहतो तो मॅनेजर, अध्यक्ष नव्हे. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा वाढत गेला आणि खालच्या श्रेणीत घसरण्याची किंमत कोट्यवधी पौंडांत गेली. त्यामुळे मालकांचीही धीराची मर्यादा आकसली.

आज अनेक क्लबांत परिस्थिती पुन्हा उलटी आहे. खेळाडू कोणता घ्यायचा हे क्रीडा संचालक आणि त्यांचा विश्लेषकांचा ताफा ठरवतो, आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचं पद ‘हेड कोच’ असं असतं. अधिकार कमी झाले, तरी घोषणा मात्र अजून त्याच्याच नावाने दिल्या जातात.

‘आता पुरे’ म्हणणाऱ्यांची बाजू

या बाजूचा सगळ्यात सविस्तर दाखला वेंगर यांचाच आहे, म्हणून तिथे थोडं रेंगाळू.

१९९६ साली जपानच्या नागोया ग्रॅम्पसमधून ते आर्सेनलला आले तेव्हा इंग्लंडात त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. १९९८, २००२ आणि २००४ साली त्यांनी लीग जिंकली. त्यातल्या शेवटच्या हंगामात ३८ सामन्यांत २६ विजय, १२ बरोबरी आणि एकही पराभव नाही. २००६ साली क्लब हायबरीचं जुनं घर सोडून साठ हजार आसनांच्या एमिरेट्स स्टेडियममध्ये गेला. बांधकामाच्या कर्जामुळे हात आखडला. त्याच सुमारास आधी चेल्सी आणि मग मँचेस्टर सिटी या क्लबांत परदेशी मालकांचा अमाप पैसा आला. २००५ चा एफए कप जिंकल्यावर पुढचा करंडक थेट २०१४ साली आला. मधल्या काळात ऑगस्ट २०११ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडकडून ८-२ असा पराभव झाला. मार्च २०१४ मध्ये, वेंगर यांच्या हजाराव्या सामन्यात, चेल्सीने ६-० असं हरवलं.

तरीही दरवर्षी संघ पहिल्या चारांत येत होता. एक पिढी याला सातत्य म्हणत होती आणि दुसरी साचलेपण. ‘आता पुरे’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा एका पराभवाचा नव्हता, त्याच त्या पराभवाच्या पुनरावृत्तीचा होता. फेब्रुवारी-मार्च आला की चॅम्पियन्स लीगमधून बाहेर, लीगमध्ये मोठ्या संघांसमोर शरणागती, मग एप्रिलमध्ये दडपण गेल्यावर भराभर विजय आणि शेवटी चौथा क्रमांक. २०१६ साली मोठे प्रतिस्पर्धी एकाच वेळी अडखळले, तेव्हा लीग आर्सेनलने नाही, लेस्टरने जिंकली. त्या एप्रिलच्या अखेरीस नॉर्विचविरुद्धच्या सामन्यात चाहत्यांनी बाराव्या आणि अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला बदलाची मागणी करणारे कागद उंचावले. बारा, कारण लीग जिंकून बारा वर्षं झाली होती. पुढच्या हंगामात बायर्न म्युनिकने दोन सामन्यांत मिळून १०-२ असं धुतलं. संघ वीस हंगामांनंतर प्रथमच पहिल्या चारांच्या बाहेर गेला.

२०१७ च्या मे महिन्यात आर्सेनलने एफए कप जिंकला आणि वेंगर यांना दोन वर्षांचा करार मिळाला. पुढच्या हंगामात विरोधकांनी विमानं पाठवली नाहीत. ते घरीच बसले. १ मार्च २०१८ च्या बर्फाळ रात्री मँचेस्टर सिटीने एमिरेट्सवर ३-० असा विजय मिळवला तेव्हा विकल्या गेलेल्या हजारो खुर्च्या रिकाम्या होत्या. २० एप्रिलला वेंगर यांनी जाण्याची घोषणा केली. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एक मांडणी केली होती. संस्था खालावली की माणसं एकतर बाहेर पडतात, नाहीतर आवाज उठवतात, आणि निष्ठा जितकी गाढ तितकं बाहेर पडणं लांबतं. फुटबॉलच्या चाहत्याला बाहेर पडण्याची वाट जवळजवळ नसतेच. माणूस साबणाचा ब्रँड बदलतो, क्लब बदलत नाही. म्हणून आवाज एवढा मोठा होतो, आणि म्हणूनच रिकाम्या खुर्च्या संचालकांना फलकांपेक्षा जास्त झोंबतात.

या पक्षाच्या भात्यात आणखी उदाहरणं आहेत. चेल्सीने मार्च २०१२ मध्ये आंद्रे व्हिलास-बोआस यांना काढलं आणि त्यांचे सहायक रोबेर्तो दि मात्तेओ यांनी मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. जानेवारी २०२१ मध्ये फ्रँक लॅम्पार्ड गेले आणि थॉमस टुखेल यांनी पुन्हा तोच करंडक आणला. वॉटफोर्डने २०१४-१५ च्या एकाच हंगामात चार मॅनेजर वापरले आणि तरी प्रीमियर लीगमध्ये बढती मिळवली. स्थैर्य ही यशाची अट आहे, या समजुतीला ही तिन्ही उदाहरणं छेद देतात.

‘थोडं थांबा’ म्हणणाऱ्यांची बाजू

यांचं दैवत म्हणजे ॲलेक्स फर्ग्युसन. १९८६ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडला आलेल्या फर्ग्युसन यांची पहिली तीन वर्षं करंडकाविना गेली. सप्टेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर सिटीने ५-१ असं हरवलं. डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर एका चाहत्याने चादरीवर लिहिलेला फलक झळकला. तीन वर्षं सबबी ऐकल्या, संघ तसाच रद्दी, आता निरोप घ्या, असा त्याचा आशय. जानेवारी १९९० मध्ये एफए कपच्या सामन्यात मार्क रॉबिन्सने नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एकमेव गोल केला. तो गोल झाला नसता तर फर्ग्युसन गेले असते, असं सांगितलं जातं. क्लबच्या संचालकांनी ते नंतर नाकारलं. त्या वर्षी लीगमध्ये युनायटेड तेरावा आला, पण एफए कप मिळाला. पुढे १३ लीग विजेतेपदं आली आणि फर्ग्युसन २०१३ साली स्वेच्छेने निवृत्त झाले.

दुसरं उदाहरण उलट दिशेचं आहे. ॲलन कर्बिशली १९९१ पासून २००६ पर्यंत चार्ल्टनमध्ये होते. दक्षिण लंडनच्या या बेताच्या क्लबला त्यांनी प्रीमियर लीगमध्ये स्थिरस्थावर केलं. शेवटी शेवटी कुरकुर सुरू झाली की मधल्या क्रमांकांत किती दिवस काढायचे, आता पुढची पायरी हवी. कर्बिशली गेले. पुढच्या हंगामात तीन मॅनेजर झाले आणि चार्ल्टन खाली घसरला. २००९ साली तर तो तिसऱ्या श्रेणीत होता.

तिसरं उदाहरण पुन्हा आर्सेनलचंच. वेंगर यांच्यानंतर आलेले उनाई एमेरी नोव्हेंबर २०१९ मध्ये गेले आणि मिकेल आर्टेटा आले. २०२० आणि २०२१ या दोन्ही हंगामांत संघ आठवा आला. २०२१-२२ ची सुरुवात सलग तीन पराभवांनी झाली, त्यातला शेवटचा मँचेस्टर सिटीकडून ५-० असा, आणि आर्सेनल गुणतक्त्यात तळाला गेला. आर्टेटा यांनाही घालवा, ही मागणी तेव्हा जोरात होती. क्लब हलला नाही. त्या हंगामात ६९ गुण मिळाले, पुढच्यात ८४, त्यापुढच्यात ८९. २०२३ पासून संघ सलग तीन वर्षं दुसरा आला.

या युक्तिवादात एक ठळक फट आहे, आणि ती या बाजूचे लोक क्वचितच मान्य करतात. फर्ग्युसन लक्षात राहतात कारण ते टिकले आणि जिंकले. ज्यांना मुदत मिळाली आणि तरी काही जमलं नाही, त्यांच्या कथा कोणी सांगत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने एरिक टेन हाग यांना एफए कपच्या आधारावर ठेवलं, करार वाढवला, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस काढलं. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निरोप देण्याचा खर्च क्लबच्या हिशेबात १ कोटी ४ लाख पौंड असा नोंदला गेला. धीरालाही किंमत असते, आणि ती पौंडांत मोजता येते.

मोजणी काय सांगते

अभ्यासकांनी प्रश्न जरा वेगळा विचारला. मॅनेजर बदलल्यानंतर निकाल सुधारतात हे खरं. पण न बदलता ते सुधारले नसते कशावरून?

सलग सहा सामने हरलेला संघ सहसा आपल्या कुवतीपेक्षा खाली खेळलेला असतो. त्यात दुखापती असतात, पंचांचे निर्णय असतात, खांबाला लागून परतलेले चेंडू असतात. असा संघ पुढच्या सहा सामन्यांत आपल्या नेहमीच्या पातळीकडे सरकणारच. मॅनेजरची हकालपट्टी नेमकी या तळाच्या क्षणी होते, म्हणून नंतरची सुधारणा नव्या माणसाच्या नावावर जमा होते.

हे तपासायचं तर ज्या संघांची तितकीच घसरण झाली पण मॅनेजर टिकला, त्यांच्याशी तुलना करावी लागते. बास टेर वेल यांनी नेदरलँड्सच्या लीगमधील १९८६ ते २००४ या काळातल्या बदलांवर हा प्रयोग केला. बदलाने कामगिरी सुधारते याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. यान व्हान ऑर्स आणि मार्टिन व्हान ताउल यांनी पुढे डच लीगचीच चौदा हंगामांची माहिती घेतली. सट्टेबाजांच्या भावांवरून प्रत्येक सामन्यात किती अपेक्षा होती ते काढलं आणि अपेक्षेपेक्षा किती घसरण झाली तेही मोजलं. निष्कर्ष तोच: काढलेले आणि न काढलेले, दोघांचे संघ जवळपास सारखेच सावरतात. जर्मन बुंडेसलीगाच्या पहिल्या हंगामापासूनची आकडेवारी घेऊन २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही याच ठिकाणी पोहोचला.

इंग्लंडबाबत ऑडस, डॉबसन आणि गोडार्ड यांचा २००२ चा अभ्यास जास्त मार्मिक वाटतो. हंगामाच्या मध्यात मॅनेजर बदललेल्या संघांची पुढची कामगिरी सरासरीने थोडी वाईटच झाली, पण निकालांतला चढउतार वाढला. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. घसरणीच्या दारात असलेल्या संघाला सरासरीशी काही देणंघेणं नसतं. त्याला एखादा अनपेक्षित उसळीचा काळ हवा असतो. अशा मालकासाठी हकालपट्टी हा वेडेपणा ठरत नाही, तो हिशेबाने खेळलेला जुगार असू शकतो. अभ्यासकांचा निष्कर्ष आणि मालकाची कृती दोन्ही एकाच वेळी शहाणपणाची असणं शक्य आहे.

याला आणखी एक पार्श्वभूमी आहे. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी २००९ साली ‘सॉकरनॉमिक्स’मध्ये दाखवलं की अनेक वर्षांची सरासरी घेतली तर क्लबांच्या क्रमवारीतला सुमारे ९० टक्के फरक खेळाडूंच्या एकूण पगारावरून समजतो. यावरून मॅनेजर म्हणजे शोभेची बाहुली असा अर्थ अनेकांनी काढला. तो टोकाचा आहे. ज्या प्रशिक्षकांनी एकापेक्षा जास्त क्लब सांभाळले त्यांची तुलना करणाऱ्या जर्मन अभ्यासकांना चांगल्या आणि सुमार प्रशिक्षकांत स्पष्ट फरक दिसला. तेव्हा मॅनेजरचा फरक पडतो. पण हंगामाच्या मध्यात, घाईने, बाजारात मोकळा असेल तो माणूस उचलला तर चांगलाच हाती लागेल याची खात्री नसते, आणि हे अभ्यास बहुतांशी मोजतात ते नेमकं अशाच बदलांचा परिणाम.

आकड्यांच्या बाजूलाही मर्यादा आहे. तिचा सगळा हिशेब गुणांत चालतो. चाहत्याची तक्रार अनेकदा गुणांबद्दल नसतेच. २०२४-२५ मध्ये टॉटेनहॅमने लीगमध्ये २२ सामने गमावले आणि सतरावा क्रमांक घेतला. २०२५ च्या मे महिन्यात त्याच संघाने बिल्बाओला युरोपा लीग जिंकून क्लबला २००८ नंतरचा पहिला करंडक मिळवून दिला. सोळा दिवसांनी मॅनेजर अँजे पोस्तेकोग्लू यांना काढण्यात आलं. सतरा वर्षं करंडकाची वाट पाहिलेला माणूस त्या संध्याकाळचं मोल कोणत्या तक्त्यात बसवणार? त्यांना काढायला हवं होतं की नाही यावर टॉटेनहॅमच्या चाहत्यांत तेव्हा एकमत नव्हतं, आणि ते होण्याचं कारणही दिसत नाही.

रिकाम्या स्टेडियमचा हंगाम

चाहत्यांची नाराजी हा फक्त परिणाम असतो की तीच पुढच्या पराभवाचं कारणही होते, हा प्रश्न फार काळ गप्पांपुरताच होता. घरच्या मैदानावर पहिला पास चुकताच उठणारी कुजबुज खेळाडूंचे पाय जड करते, असं अनेक निवृत्त खेळाडू सांगतात. पण प्रेक्षकांशिवाय तोच सामना खेळवून पाहणार कसा?

कोविडने तो प्रयोग घडवून आणला. २०२०-२१ चा प्रीमियर लीग हंगाम जवळजवळ संपूर्णपणे रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. ३८० सामन्यांत यजमान संघांनी १४४ जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत पाहुण्यांचे विजय जास्त होण्याची ही पहिलीच वेळ. गर्दीने फरक पडतो एवढं यातून दिसलं. तो पंचांमार्फत पडतो की खेळाडूंच्या मनामार्फत, यावर अजून चर्चा चालू आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या हंगामाचं महत्त्व वेगळं आहे. आर्टेटा यांचा सगळ्यात वाईट काळ नेमका तेव्हाचा. सलग सात लीग सामन्यांत विजय नाही आणि नाताळच्या दिवशी संघ पंधरावा. साठ हजार लोक समोर बसून हुर्यो उडवत असते तर क्लबच्या संचालकांना तितकंच शांत राहता आलं असतं का? धीराचं म्हणून जे उदाहरण आज सगळीकडे दिलं जातं, त्यात रिकाम्या खुर्च्यांचा वाटा किती, हे कोणी सांगू शकणार नाही. माझा कल असा की तो बराच होता.

चाहते म्हणून एकच आवाज असतो हे मानणंही धोक्याचं. मार्च २०१४ मध्ये मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर डेव्हिड मॉइस यांना घालवा असा फलक घेऊन ओल्ड ट्रॅफर्डवरून विमान गेलं तेव्हा स्टेडियममधल्या बहुसंख्य प्रेक्षकांनी त्या विमानाचीच हुर्यो उडवली. मॉइस महिनाभरात गेले ते गेलेच. उलट डिसेंबर २०१४ मध्ये स्टोकच्या रेल्वे स्थानकावर वेंगर यांना शिव्याशाप देणारे लोक संघामागे गावोगाव जाणारे चाहते होते, म्हणजे ज्यांना सगळ्यात निष्ठावान मानलं जातं तेच. आणि रात्री एक वाजता ठाण्यात किंवा सांगलीत सामना पाहून सकाळी लोकल वा एसटी पकडणारा चाहता? त्याच्याकडे रिकामी सोडायला खुर्ची नाही. त्याच्याकडे फक्त आवाज आहे, आणि यूट्यूबवरच्या चाहत्यांच्या वाहिन्यांमुळे तो आता लंडनपर्यंत पोहोचतो. सर्वांत तिखट सूर दूरच्यांचा असतो की स्टेडियममधल्यांचा, यावर दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात.

ब्लॅकबर्न आणि पुणे

मॅनेजरविरुद्धची घोषणा खरं तर कुणाला उद्देशून असते, हे ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या प्रकरणात जितकं उघड दिसतं तितकं दुसरीकडे नाही.

लँकेशायरमधला हा जुना गिरणगावचा क्लब. १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक. स्थानिक पोलाद व्यावसायिक जॅक वॉकर यांच्या पैशावर आणि केनी डॅल्ग्लिश यांच्या मॅनेजरकीखाली त्याने १९९५ साली प्रीमियर लीग जिंकली. वॉकर २००० साली वारले. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने सुमारे २.३ कोटी पौंड देऊन आणि क्लबचं कर्ज अंगावर घेऊन तो विकत घेतला. कुक्कुटपालनातलं मोठं नाव, पण फुटबॉलचा अनुभव शून्य. महिन्याभरात अनुभवी मॅनेजर सॅम ॲलर्डाइस यांना काढण्यात आलं. संघ तेव्हा तेरावा होता, म्हणजे सुरक्षित. त्यांच्या जागी आले प्रशिक्षकांच्या ताफ्यातले स्टीव्ह कीन. त्यांनी याआधी कोणत्याही क्लबची सूत्रं कायमची सांभाळलेली नव्हती. कीन यांचा एजंट क्लबच्या खरेदीत नव्या मालकांचा सल्लागार होता, हे कळल्यावर चाहत्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून संशय रुजला.

पहिल्या हंगामात संघ शेवटच्या दिवशी वाचला. दुसऱ्या हंगामात कीन यांच्याविरुद्ध मोर्चे, फलक, विमान सगळं झालं. ऑक्टोबर २०११ मध्ये क्लबने संघाला पुण्यात आणून पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळवला. खेळाडू कोंबडीच्या जाहिरातीत झळकले. इकडे आपल्याला ते गमतीचं वाटलं असेल. तिकडे चाहत्यांना ती आपल्या क्लबची थट्टा वाटली. डिसेंबरमध्ये बोल्टनविरुद्धचा घरचा सामना गमावल्यावर कीन यांना इतकी जहरी वागणूक मिळाली की इतर मॅनेजर त्यांच्या बाजूने बोलले. अकरा दिवसांनी, फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, याच कीन यांच्या संघाने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ३-२ असं हरवलं. विरोध ओसरला नाही. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्धच्या सामन्यात क्लबचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडण्यात आली. ब्लॅकबर्न तो सामना १-० असा हरला आणि खालच्या श्रेणीत गेला.

कोंबडी कीन यांच्यासाठी नव्हती, हे सांगायला नको. पत्र मॅनेजरच्या पत्त्यावर टाकलेलं होतं, पण ते वाचायचं होतं पुण्यात. मालक सात हजार किलोमीटरवर, इंग्लंडात फारसे न दिसणारे. शिट्टी वाजवायला समोर उभा फक्त कीन.

कीन यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये राजीनामा दिला तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीच्या तक्त्यात वरच्या भागात होता. त्यानंतर काय झालं ते बोलकं आहे. हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, मायकल ॲपल्टन ६७ दिवस. २०१७ साली क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. टोनी मोब्रे यांनी पुढच्याच वर्षी त्याला वर आणलं आणि नंतर चार वर्षं काम केलं. मालकांनी या सगळ्या काळात क्लबमध्ये मोठा पैसा ओतला, हेही न्यायाने सांगायला हवं. चाहत्यांची मागणी त्या सप्टेंबरात पुरी झाली होती. त्यांचा प्रश्न सुटला नव्हता. ‘हटाव’ मोहिमेच्या यशाबद्दल बोलताना हा फरक सहसा विसरला जातो.

याच्या उलट टोकाला लेस्टर आहे. क्लाउडिओ रानिएरी यांनी २०१६ साली लीग जिंकून दिली आणि नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, संघ घसरणीच्या काठावर असताना त्यांना काढण्यात आलं. तिथे विश्वास मालकांचा उडाला होता, चाहत्यांचा नव्हे. पुढच्या घरच्या सामन्याला लोक रानिएरींचे मुखवटे घालून आले. संघाने तो सामना जिंकला, पाठोपाठचेही जिंकले आणि बारावा क्रमांक गाठला.

मताचा अधिकार असता तर

चाहत्यांच्या हाती मत असतं तर घोषणांची गरज उरली नसती, असा एक युक्तिवाद आहे. जर्मनीत १९९८ पासून ‘५०+१’ नियमामुळे बहुतेक क्लबांत सदस्यांकडे बहुमत असतं. तरी तिथेही प्रशिक्षक झपाट्याने बदलतात. शाल्के हा सदस्यांच्या मालकीचा क्लब, पण २०२०-२१ मध्ये त्याने पाच प्रशिक्षक वापरले आणि घसरला. बार्सिलोनाचे सदस्य प्रशिक्षक निवडत नाहीत, अध्यक्ष निवडतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जोसेप मारिया बार्तोमेउ यांनी सदस्यांच्या अविश्वास ठरावाला सामोरं जाण्याआधीच राजीनामा दिला. मताने हकालपट्ट्या कमी होत नाहीत. राग कुणाच्या दारात न्यायचा, हे मात्र बदलतं.

अजून न सुटलेले प्रश्न

मोजणीच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात मोठी उणीव ही की अभ्यास ‘काढणं’ मोजतात, ‘विश्वास उडणं’ मोजत नाहीत. प्रेक्षागृह विरोधात गेलेल्या आणि न गेलेल्या मॅनेजरांची तुलना करायची तर आधी प्रेक्षागृहाचा कल नोंदवण्याची विश्वासार्ह रीत हवी. घोषणांची तीव्रता, रिकाम्या खुर्च्या, हंगामी तिकिटांचं नूतनीकरण, यातलं काय धरायचं यावर एकमत नाही. मुदत किती असावी याचंही उत्तर नाही. फर्ग्युसन यांना साडेतीन वर्षांनी पहिला करंडक मिळाला, पण तेव्हा युनायटेडचं घसरणं आजच्याइतकं महाग नव्हतं. आणि हेड कोचच्या जमान्यात खेळाडू निवडणाऱ्या क्रीडा संचालकाला जबाबदार कसं धरायचं, याची घोषणा चाहत्यांना अजून सापडलेली नाही. त्याचा चेहरा कॅमेऱ्यासमोर क्वचितच येतो.

ब्रिटिश संसदेने जुलै २०२५ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या कारभाराचा कायदा संमत केला आणि स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद केली. क्लबचं बोधचिन्ह, पोशाखाचे रंग आणि घरचं मैदान यांसारख्या गोष्टींत चाहत्यांना विचारात घेणं आता क्लबांवर बंधनकारक होत आहे. मॅनेजरची नेमणूक त्या यादीत नाही.